बारा मिनिटांचा बाक

पत्रा गुळगुळीत असावा असं ज्याला वाटतं, त्यानं जन्मात कधी पत्रा केलेला नसतो. खरोखर गुळगुळीत पत्रा कोणाच्याच कामाचा नाही. साच्यात दाबायला घेतला तर त्यावर तेल थांबत नाही आणि तो फाटतो, रंग दिला तर वर्षभरात पोपडे सुटतात. म्हणून मिलमध्ये पत्रा शेवटच्या ज्या दोन रोलांमधून जातो, त्यांच्या अंगावर मुद्दाम बारीक खरखर काढून ठेवतात. पापडाचं रेघांचं लाटणं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. लाटण्यावर जे असेल ते पापडावर उतरतं. फरक एवढाच की इथली रेघ केसाच्या विसाव्या हिश्शाएवढी खोल असते आणि लाटणं चार टनांचं असतं.

पिंपळझरीच्या मिलमध्ये ही खरखर तपासायचं काम गुणवंत उमाठे करत असे. यंत्रं होतीच. हिऱ्याची सुई रोलवरून फिरायची आणि पडद्यावर डोंगरदऱ्या काढून दाखवायची. पण यंत्र खोली सांगतं, खरखर अंगाला कशी लागते ते सांगत नाही, आणि एवढं कळायला मिलच्या साहेबलोकांना तीन गिऱ्हाइकं गमवावी लागली होती. गुणवंत डाव्या करंगळीची आतली बाजू रोलवरून फिरवायचा आणि म्हणायचा, "उजवीकडची हातभर जागा कच्ची आहे." मग सुई तिथं नेली की सुईही तेच म्हणायची.

करंगळी राखणं ही रोलशॉपची, म्हणजे रोल घासायच्या खात्याची, जुनी रीत. बाकीची नऊ बोटं कामानं रापतात, म्हणून एक बोट सांभाळायचं. त्यानं गरम कप धरायचा नाही, दोर ओढायचा नाही, झोपताना त्याला खोबरेल लावायचं. गुणवंतला हे त्याच्या वडिलांनी शिकवलं होतं. डोमाजी उमाठ्यांनी त्याच मिलमध्ये एकतीस वर्षं रोल घासले. हातात घड्याळ, अंगठी, काहीही घालून ते कधी रोलजवळ गेले नाहीत, कारण रोलवर एक ओरखडा पडला तर तो चाळीस टन पत्र्यावर छापून निघतो. लग्नातली अंगठीसुद्धा ते घरच्या कोनाड्यात काढून ठेवत आणि मगच ड्युटीवर निघत. आणखी एक रीत होती. नव्या रोलमधून जो पहिला पत्रा निघेल, त्याचा एक तुकडा कापून रोलवाल्याच्या घरी द्यायचा. घरी त्याला हळदकुंकू लागायचं. उमाठ्यांच्या घरातलं रांजणावरचं झाकण, दारावरची नावाची पाटी, चुलीमागचा आडोसा, सगळं पहिल्या पत्र्याचं होतं.

डोमाजी आता एकोणऐंशी वर्षांचे होते. घर ओळखायचे, सुनेला ओळखायचे, पण उंबरठा ओलांडला की वाट पुसली जायची. तरी दिवसातून एकदा त्यांची ड्युटीची वेळ व्हायचीच. दाराला कुलूप घालून पाहिलं, तेव्हा त्यांनी दारावर कपाळ आपटून फोडून घेतलं, म्हणून तो उपाय एकदाच झाला. पालिकेनं म्हाताऱ्या माणसांना मनगटी पट्टी वाटली होती. माणूस कुठं आहे ते घरच्यांच्या फोनवर दिसायचं. डोमाजी निघताना ती पट्टी न चुकता कोनाड्यात काढून ठेवत. सदऱ्यात चोरून शिवलेली तसलीच चकतीही चाचपून, उसवून काढत. म्हणत, "रोलवर चालून राह्यलो ना मी. ओरखडा पडला तं कोन जबाबदार?" बाकी सगळं विसरलेला माणूस हे मात्र विसरत नव्हता.

उपाय लागू पडला तो डोमाजींचाच. गुणवंत सहा वर्षांचा असताना जत्रेत हरवला होता, आणि सापडल्यावर डोमाजींनी त्याला बजावलं होतं, "चुकला तं पळापळ करू नको. बसायले जागा दिसली का बस. मी येतोच." गुणवंतनं तेच वाक्य आता वडिलांना परत केलं. रोज सकाळी, चहाच्या वेळी, पाढा म्हणावा तसं.

"चुकलात तर काय करायचं, बाबा?"

"बसायचं."

"किती वेळ?"

"तू येस्तवर."

आणि ते खरंच बसत. एकदा एस.टी. स्टँडवरच्या बाकावर चार तास, एकदा तलावाकाठी दुपारभर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. गुणवंत गाडी लावून समोर उभा राहिला की शांतपणे म्हणत, "आला का? मी बसूनच होतो." एका माणसाचा जीव शहरातल्या बाकांवर सुखरूप चालला होता.

त्या वर्षी पुण्याहून डॉ. मृण्मयी करकरे मिलमध्ये आल्या. सोबत एक लेझर यंत्र होतं. रोलवर खरखर काढायची म्हणजे पूर्वी छऱ्यांचा मारा करत, नंतर रोल तेलात बुडवून विजेच्या ठिणग्या पाडत. दोन्हीत कुठला खड्डा कुठं पडेल ते देवालाच ठाऊक. करकरेबाईंचा लेझर सेकंदाला चाळीस लाख खड्डे पाडायचा, आणि प्रत्येक खड्डा सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या खोलीचा.

बाईंना करायचा होता तो पत्रा असा. आपण सदरा घालतो तेव्हा तो क्षणभर अंगाला जाणवतो आणि मग आपण त्याला विसरतो, कारण कातडीखालच्या तंतूंना एकच निरोप पुन्हा पुन्हा आला की ते तो पुढं धाडणं बंद करतात. शरीराची ही मोठी सोय आहे. बाईंनी ती सोयच काढून घेतली. माणूस कितीही स्वस्थ बसला तरी श्वासानं आणि नाडीनं त्याचं अंग केसभर हलत असतं. या पत्र्यावर दोन नक्ष्या एकीवर एक होत्या, एकीतलं अंतर दुसरीपेक्षा किंचित कमी. प्रत्येक श्वासाबरोबर त्यांचा मेळ बदलायचा आणि कातडीला दर वेळी नवाच निरोप मिळायचा. निरोप काही थांबत नाही म्हटल्यावर नऊ-दहा मिनिटांनी आतले सावकाश चालणारे तंतू जागे व्हायचे, चटका बसल्यावर मागाहून जी धग जाणवते ती पोचवणारे. दुखत नसे, खाजत नसे. फक्त उठावंसं वाटे, आणि बाराव्या मिनिटापर्यंत उठल्यावाचून राहवत नसे. पातळ कपड्यातूनही हे लागायचं. अंगावर वळ नाही, लाली नाही. वकिलांनी कागद पाहून सांगितलं होतं की जिथं इजा नाही तिथं गुन्हा नाही.

"असा पत्रा कशाले पायजे, मॅडम?" गुणवंतनं विचारलं.

"पालिकेची 'जागतं शहर' योजना आहे. स्टँडवर, बागेत, इस्पितळात लोक बाकांवर मुक्काम ठोकतात. बसायला कोणाची ना नाही, उमाठे. बसून राहायला आहे."

"म्हणजे झोपलेला माणूस उठवायचा."

"आत्ता पोलीस त्याला काठीनं उठवतात. माझा पत्रा कोणावर हात तरी उगारत नाही."

गुणवंतला ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घ्यायला त्याला फार वेळ लागला नाही, कारण काम अतिशय देखणं होतं. नुसती खरखर कुठं संपते आणि उठवणारी कुठं सुरू होते, हे कुठलीही सुई सांगू शकत नव्हती. ते सांगायला माणूसच लागायचा, आणि तो माणूस गुणवंत होता. तीन महिने तो एकेक नमुन्यावर करंगळी फिरवून, मग वर बसून, बाईंना सांगत राहिला: ही रेघ बोथट आहे, ही फार लवकर चावते, ही ठीक पण कडेला मरते. अकरावा नमुना जमला. तरुण, मध्यमवयीन, जाड, रोड, पंचवीस माणसं बसवली आणि पंचवीसही बाराच्या आत उठली. त्या दिवशी करकरेबाईंनी त्याला सगळ्यांदेखत उमाठेसाहेब म्हटलं.

पहिल्या पत्र्याचा तुकडा रीतीप्रमाणे घरी आला. गुणवंतच्या बायकोनं, प्रणालीनं, कोपऱ्याला हळदकुंकू लावलं आणि डोमाजींनी हट्टानं तो अंगणातल्या ओट्यावर ठोकून घेतला. मग तिघंही त्यावर बसून पाहू लागली. प्रणाली आठव्या मिनिटाला चुळबुळली, दहाव्याला उठली.

"अंगावर कोणी बसू नको म्हणून राह्यलं असं वाटते," ती म्हणाली. "पाप आहे हे."

गुणवंतही बाराव्याच्या आत उठला. डोमाजी बसूनच होते. जेवायला हाक मारली तेव्हा उठले, जेवले, आणि परत येऊन दुपार कलेपर्यंत तिथंच बसले. पत्र्यावरून करंगळी फिरवून म्हणाले, "चांगला आला पत्रा, गुणा. थंडगार आहे."

प्रणालीनं नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं तिच्याकडे. कारण दोघांनाही उमगलं होतं. कातडी म्हातारी झाली की तिच्यातले तंतू विझत जातात, आणि सैल कातडी बारीक रेघेवर नुसती लोंबते, तिला पकडतच नाही. डोमाजींच्या अंगाला हा पत्रा काही बोलतच नव्हता.

"हे कोणाले सांगू नका," प्रणाली म्हणाली. "शहरात सगळीकडे हे बाक लागतील. बाबांले बसता येते, तेवढं राहू द्या."

"वेडी आहे का? कशाले सांगू?" गुणवंत म्हणाला, आणि तेव्हा ते मनापासून म्हणाला.

दिवाळीनंतर बाक बसले आणि महिन्याभरात पालिकेची तक्रार आली. तरुण मंडळी उठत होती, पण म्हातारेकोतारे खुशाल झोपत होते, आणि बाकांवर झोपणाऱ्यांत निम्मे म्हातारेच होते. पालिकेचे एक मोठे साहेब मिलमध्ये आले. करकरेबाईंनी पुन्हा सगळे आकडे पाहिले, आकडे बरोबर होते. त्यांच्या पंचवीस माणसांत पन्नाशीच्या पुढचं कोणीच नव्हतं हे त्यांच्या ध्यानात येईना. साहेब रोलशॉपमध्ये शिरले, बोटात ठसठशीत अंगठी घालून, आणि गुणवंतच्या रोलवर सरळ हात ठेवला.

"हा रोल झिजलाय," साहेब म्हणाले. "हातानं तपासायचे दिवस गेले आता. अशी माणसं ठेवता म्हणून कच्चा माल येतो."

अंगठी रोलवरून कर्रकन फिरली. गुणवंतचे कान तापले. त्यानं गप्प बसायला हवं होतं, गप्प बसण्यासारखं सोपं दुसरं काही नव्हतं. साहेब तासाभरात निघून गेले असते, कंपनीनं नवा रोल त्याच नक्षीचा केला असता, आणखी वर्षभर घोळ चालला असता. पण एकतीस वर्षं बापाची आणि चोवीस वर्षं त्याची, अशा दोन पिढ्यांत उमाठ्यांच्या रोलला कोणी कच्चा म्हटलं नव्हतं. ज्याच्या हातात कला असते त्याला दुसरं काहीही बोला, चालतं. माल खोटा म्हटलेलं चालत नाही.

"रोल बरोबर आहे, साहेब," तो म्हणाला. "याचाच पहिला पत्रा माझ्या घरी आहे. बायको त्याच्यावर दहा मिनिटं बसत नाही. बाप दिवसभर बसते. खोट पत्र्यात नाही, म्हाताऱ्या कातडीत आहे."

करकरेबाई एकदम वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर एवढा निखळ आनंद होता की गुणवंतलाही क्षणभर बरं वाटलं.

"वय काय वडिलांचं?" त्यांनी विचारलं.

पुढच्या आठवड्यात डोमाजी मिलमध्ये गेले. नक्षी रुंद करावी लागणार हे बाईंना कळलं होतं, पण किती रुंद आणि किती खोल, ते म्हाताऱ्या अंगालाच विचारावं लागणार होतं. गुणवंतनं स्वतःला सांगितलं की फक्त तीन दिवसांचं काम आहे, आणि बाबांनाही तेवढाच विरंगुळा. प्रणालीला त्यानं तपासणीला नेतो म्हणून सांगितलं, जे खोटं नव्हतं.

डोमाजींना तर एकोणीस वर्षांनी ड्युटी लागली होती. त्यांनी मनगटी पट्टी कोनाड्यात ठेवली, फाटकावरच्या पहारेकऱ्याला रामराम केला, रोलशॉपमध्ये येताच रोलवर करंगळी ठेवली आणि विचारलं, "कोनाचा हात आहे?"

"माझा, बाबा."

"बरा आहे," डोमाजी म्हणाले. यापलीकडे त्यांनी आयुष्यात कोणाच्या रोलची तारीफ केली नव्हती.

त्यांना एकेका नमुन्यावर बसवलं. गुणवंत घड्याळ घेऊन समोर. पहिल्या आठांवर काहीच झालं नाही. नवव्यावर दहा मिनिटं झाली आणि म्हाताऱ्याच्या मांड्या थरथरू लागल्या. पंधरा मिनिटं. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. वीस मिनिटं झाली तरी ते उठेनात. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी हात गुडघ्यांवरच.

"हे असं कसं?" करकरेबाई कुजबुजल्या. "त्यांना लागतंय तर खरं."

गुणवंतनं पुढं होऊन विचारलं, "बाबा, उठावंसं वाटते का?"

"लय वाटते."

"मग उठत काहून नाही?"

"तूच तं म्हनला ना," डोमाजी म्हणाले. "तू येस्तवर बसायचं."

गुणवंतनं त्यांना हाताला धरून उठवलं. पण बाईंना आकडे हवे होते, आणि असा हट्टानं बसून राहणारा माणूस आकड्यांच्या काय कामाचा? त्यानं वडिलांना पाणी पाजलं आणि समोर उकिडवं बसून लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. "इथं तसं नाही करायचं, बाबा. उठावंसं वाटलं का लगेच उठायचं. बसून राह्यचं नाही. समजलं?"

डोमाजींना समजायला दोन दिवस लागले. दर वेळी ते आधी गुणवंतच्या तोंडाकडे पाहत, तो मान हलवी, मग उठत. तिसऱ्या दिवशी विचारायची गरज राहिली नाही. अंगानं उठ म्हटलं की ते उठत, आणि उठून कौतुकासाठी मुलाकडे पाहत.

"शाबास," गुणवंत म्हणाला. दर वेळी म्हणाला.

एकोणतिसावा नमुना सगळ्या वयांना लागू पडला. होळीपर्यंत शहरातल्या प्रत्येक बाकावर नवा पत्रा चढला. बाक रिकामे दिसू लागले, वर्तमानपत्रात फोटो आले, पालिकेला दिल्लीचं एक बक्षीस मिळालं. प्रणालीनं एका सकाळी स्टँडवर भाजी घेताना बाकावर पिशवी टेकवली, शेजारी बसलेली एक म्हातारी उठून लंगडत पलीकडे जाऊन उभी राहिली, आणि प्रणालीला सगळं कळलं. घरी येऊन तिनं भांडण केलं नाही.

"तुम्ही सांगितलं," एवढंच म्हणाली.

"अंगणातला पत्रा जुनाच आहे," गुणवंत म्हणाला. "त्याच्यावर बसतेत ना ते."

"घरात तं हरवत नाहीत ना ते."

त्यानं सकाळचा पाढा दुप्पट केला. चुकलात तर काय करायचं? बसायचं. किती वेळ? तू येस्तवर. डोमाजी बिनचूक सांगत. तोंडाला जुना पाढा येत होता, अंग नवा शिकलं होतं.

मे महिन्यातल्या एका दिवशी प्रणाली आंघोळीला गेली आणि डोमाजींची दुपारपाळीची वेळ झाली. ती बाहेर आली तेव्हा कोनाड्यात पट्टी होती आणि दार सताड उघडं. साडेअकरा वाजले होते. बाराला मिलमध्ये फोन आला आणि गुणवंत मोटरसायकल घेऊन निघाला. ऊन सत्तेचाळीस अंशांवर होतं, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. पूर्वी अशा वेळी तो घाबरत नसे. पाच-सहा ठिकाणं होती, त्यातल्या एका बाकावर बाबा असणारच. आता तो स्टँडवर गेला, बाक रिकामे. बागेत गेला, रिकामे. इस्पितळाच्या पडवीत तीन म्हातारे भिंतीला टेकून उभे होते, त्यांतला एकही त्याचा नव्हता. तलावाकाठच्या बाकापाशी तो पोचला तेव्हा एक चाळीस झाले होते. बाक रिकामा होता. तो तिथून परत स्टँडकडे वळला.

संध्याकाळी पाचला पोलिसांचा फोन आला. बाह्यवळण रस्त्यावर, शेवटच्या बसथांब्याच्या पुढं दीड कोसावर, डोमाजी मैलाच्या दगडाला टेकून बसलेले सापडले. दोन्ही हात गुडघ्यांवर होते. उष्माघातानं जाऊन दोनेक तास झाले असावेत असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चौकीतल्या हवालदारानं, निनावे त्याचं नाव, कॅमेऱ्यांचं चित्रण दाखवलं. नियमानं दाखवायचं म्हणून दाखवत होता. डोमाजी स्टँडवर आले, बाकावर बसले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि रस्त्याकडे पाहत राहिले. दहा मिनिटांनी चुळबुळले, उठले. उठून आजूबाजूला पाहिलं, जसं शाबास म्हणायला कोणी असेल. मग पुढचा बाक शोधत चालू लागले. चौकात बसले, उठले. बागेत बसले, उठले. इस्पितळात बसले, उठले. असे सात बाक. शेवटच्या काही बाकांवर त्यांनी बसण्याची कड दोन्ही हातांनी घट्ट पकडून धरली होती. जुना पाढा आठवला असावा. तिथंही बारा मिनिटं भरली नाहीत.

"हा तलावाचा," निनावे म्हणाला. "एक तेहेतीसले उठले पाहा. तिकडून बाहेरच्या रस्त्याले लागले."

त्यानं चित्रण बंद केलं नाही. रिकामा बाक उन्हात तसाच दिसत राहिला. सात मिनिटांनी पडद्यावर एक मोटरसायकल आली. त्यावरचा माणूस थांबला, बाकाकडे पाहिलं, इकडंतिकडं पाहिलं, आणि गाडी उलट्या दिशेला वळवून निघून गेला.

"भाऊ, पाणी घेता का?" निनावेनं विचारलं. गुणवंतनं नको म्हणून मान हलवली.

चौदाव्या दिवशी करकरेबाई घरी आल्या. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं, त्या रडल्याही. मग पर्समधून एक घडी केलेला कागद काढून मांडीवर ठेवला आणि त्याच्या घडीवरून बोट फिरवत राहिल्या.

"तुम्ही नाही म्हणालात तर मी हे फाडून टाकीन, उमाठे," शेवटी त्या म्हणाल्या. "पण एकाच वृद्ध माणसाची सात बाकांवरची नोंद आम्हाला पुन्हा कधी मिळणार नाही. आणखी सहा शहरं थांबली आहेत. अहवालावर तपासणाऱ्याची सही लागते."

गुणवंतनं कागद घेतला. नमुना क्रमांक एकोणतीस. पुरुष, वय एकोणऐंशी. खाली सात ओळी. अकरा मिनिटं दहा सेकंद. दहा पन्नास. अकरा पंचवीस. अकरा दहा. तो एकेक ओळ करंगळी ठेवून वाचत गेला, सावकाश, दोनदा. तो एखादी कच्ची जागा शोधत होता. कुठंतरी रोल घसरला असेल, कुठं पत्रा बोथट निघाला असेल, कुठं म्हातारा वीस मिनिटं टेकला असेल. सात बाक शहराच्या सात कोपऱ्यांतले, वेगवेगळ्या दिवशी लाटलेल्या पत्र्यांचे, आणि सगळ्यांत मिळून पाऊण मिनिटाचा फरक. चोवीस वर्षांत त्याच्या हातून इतकं एकसारखं काम झालं नव्हतं.

शेवटचा प्रश्न होता, पत्र्यात दोष आढळला का?

रोलशॉपचा माणूस आणखी कशातही खोटं बोलेल, पत्र्याबद्दल खोटं लिहीत नाही. गुणवंतनं "नाही" असं लिहिलं आणि खाली सही केली. करकरेबाईंनी कागद घेतला, प्रणालीला नमस्कार केला, तिनं तो घेतला नाही, आणि बाई निघून गेल्या.

मग गुणवंत अंगणात गेला. ओट्यावर तो जुना पत्रा होता, अकराव्या नमुन्याचा, कोपऱ्यावर हळदकुंकवाचा पुसट डाग घेऊन. सबंध शहरात त्याच्या बापाला बसू देणारी तेवढी एकच जागा उरली होती. तो तिथं बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. आता उठायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. आठव्या मिनिटाला त्याच्या मांड्या थरथरू लागल्या, दहाव्याला घाम फुटला, आणि बारावं भरायच्या आत तो उभा होता. तो पुन्हा बसला. पुन्हा उठला. तिसऱ्यांदा त्यानं ओट्याची कड दोन्ही हातांनी पकडली.

दारात प्रणाली उभी होती.

"कशाले त्रास करून घेता," ती म्हणाली. "तिथं बसता यायले अजून तीस वर्षं लागतील तुम्हाले."